पाडा नकाशावर आणायचा कसा: खान्देशातल्या दुर्लक्षित गावसमूहाचा विकास आराखडा, पहिल्या फेरीपासून मंजुरीपर्यंत

यावल तालुक्याचा नकाशा समोर घ्या. खाली तापीकाठची काळी जमीन, ठिबकवरची केळी, हंगामात रांगेनं उभे असलेले ट्रक. वर सातपुडा, आणि त्यात विखुरलेले तडवी-पावरा-बारेला आदिवासींचे पाडे. तिथे उन्हाळ्यात झिऱ्याशी, म्हणजे पाणी झिरपून साठणाऱ्या खड्ड्याशी, बसून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. तालुका एकच, तहसील कार्यालय एकच. पण तालुक्याची सरासरी काढली की केळीचं उत्पन्न थोडं पाड्याच्या नावावर चढतं आणि पाड्याची तहान केळीच्या बागेत जिरून जाते. रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, सगळीकडे हेच.

वरच्या पातळीवरही हेच घडलं. १९९४ साली राज्यात विकास मंडळं झाली ती तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. या ‘उर्वरित’मध्ये पुणे-मुंबईच्या पंगतीला नंदुरबारही बसवलं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यात कमी; लोकसंख्येत आदिवासी ६९ टक्के. २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत नंदुरबार होता. आता जिल्हा यादीत आला, पण त्याच जिल्ह्यातली शहाद्याची बागायत आणि अक्राणीचा डोंगर पुन्हा एकाच आकड्यात गेले.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की, प्रदेश आखणं हे नियोजनातलं पहिलं काम आहे आणि ते पाड्यावरच्या माणसांनी करायचं आहे. हद्द चुकली की पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. ही पद्धत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) समन्वयक, शिक्षक, संस्थेचे कार्यकर्ते, गावात परतलेली शिकलेली पोरं, कुणालाही वापरता येईल. एक पूर्ण वर्ष हाताशी ठेवा.

आधी कॅलेंडर

सरकारी नियोजनाचं वर्ष एक आणि पाड्याचं वर्ष दुसरं. ग्रामपंचायत आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. पण दिवाळी झाली, अस्तंब्याची यात्रा झाली, की पाडा रिकामा व्हायला लागतो. दक्षिण गुजरातकडे ऊसतोडीला, सौराष्ट्रात शेतमजुरीला, वीटभट्टीवर. माणसं परततात ती भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या ओढीनं, काही तर थेट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. म्हणजे ज्यांच्यासाठी आराखडा, तीच माणसं आराखड्याच्या ग्रामसभेला नसतात.

माझ्या हातून ही चूक पहिल्याच वर्षी झाली. जानेवारीत पाहणी केली, कुलूप असलेल्या घरांपुढे ‘बंद’ लिहिलं आणि पुढे हिशेबात ती घरं गळूनच गेली. ४० घरांचा पाडा कागदावर २३ घरांचा झाला आणि अंगणवाडीच्या मागणीला लागणारी संख्याच भरेना. ती चूक सुधारायला दोन वर्षं गेली.

तेव्हापासून क्रम असा ठेवतो. होळीला माणसं घरी असताना पहिली बैठक आणि घरोघरची नोंद. मे महिन्यात पाण्याची पाहणी, कारण टंचाई मेमध्येच खरी दिसते. पहिल्या दोन-तीन जोराच्या पावसांनंतर ओढे-नाले आणि वाटांची फेरी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कच्चा आराखडा वाचायचा, पाड्यापाड्यावर त्याची चर्चा होऊ द्यायची आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा. दिवाळीआधी सह्या-अंगठे पूर्ण झालेच पाहिजेत. नंतर ग्रामसभेचा कोरम भरत नाही.

हद्द आखणे

प्रशासनाची हद्द बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा: पाणी कुठे वाहतं, माणसं कोणत्या बाजाराला जातात आणि अडीअडचणीला कुठे धावतात.

पाण्याची हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषांवरून काढता येते. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. नकाशा मिळाला नाही तर इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळ किंवा गूगल अर्थ चालेल. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचं पाणी गोमाई, अरुणावती, अनेर अशा नद्यांतून तापीला जातं. अक्राणी तालुक्यातल्या धडगावकडचं उदईसारख्या नद्यांतून नर्मदेला. एकाच ग्रामपंचायतीचे दोन पाडे पाणलोटाच्या दोन बाजूंना असू शकतात, आणि मग एकाचं काम दुसऱ्याच्या काहीच उपयोगाचं नसतं.

बाजाराची हद्द नकाशावर सापडत नाही. त्यासाठी आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत बाजारात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर एकेक माणूस बसवा. येणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा: कुठल्या पाड्यावरून, कशानं आणि किती वेळ लागला. दोन बाजार असे केले की चित्र स्पष्ट होतं. अशा एका मोजणीत आम्हाला तीन ग्रामपंचायतींत आणि दोन तालुक्यांत विभागलेले अकरा पाडे एकाच बाजाराला येताना दिसले. त्यांच्यात सोयरीक एक, भगत एक, औषधाचं दुकानही एकच. सरकारदरबारी मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो गावसमूह आम्ही नियोजनाचा प्रदेश धरला.

किती मोठा समूह धरावा? २०१६ साली आलेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी रुर्बन अभियानात डोंगरी आणि आदिवासी भागासाठी ५ ते १५ हजार लोकसंख्येचा समूह धरला होता. तो आकार आपल्यालाही सोयीचा आहे. याहून लहान समूहाला मोठी मागणी पेलत नाही. मोठा केला तर पुन्हा सरासरीचा रोग लागतो.

नर्मदाकाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं बाधित झाली. काही कुटुंबं खाली तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आली, काही वरच राहिली. वर राहिलेल्यांचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, ते बोटीच्या फेरीवर मोजावं लागतं.

हद्द ठरली की समूहातल्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव घ्या: आम्ही या समूहाचा एकत्र आराखडा करत आहोत आणि प्रत्येक पाड्यावरून एक बाई आणि एक पुरुष समितीवर देत आहोत. अनुसूचित क्षेत्रात असाल तर आणखी एक दार उघडं आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार, शहादा, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर यांचे काही भाग अनुसूचित आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. पाड्यावरच्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला, तर तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. असं गाव झालं की त्याची ग्रामसभा वेगळी, कोष वेगळा. दूरच्या मोठ्या गावच्या ग्रामसभेत ज्यांचा आवाज कधी पोहोचलाच नाही, त्यांनी आराखड्याआधी हे काम हाती घ्यावं.

पाडानिहाय नोंद

चाळीस रकान्यांचा फॉर्म घेऊन जाऊ नका. भरणारा थकतो, सांगणारा त्याच्याआधी थकतो. घरातली माणसं किती, बाहेर कोण जातं, कुठे, किती महिने आणि सोबत लेकरं जातात का, जमिनीचा कोणता कागद आहे, सातबारा, वनपट्टा की काहीच नाही, मेमध्ये पाणी कुठून आणि एका खेपेला किती वेळ, जनावरं किती, जातीचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड यांपैकी काय नाही. एवढं पुरे. बाहेर गेलेलं माणूस घरातच मोजायचं, फक्त नावापुढे महिने लिहायचे.

मग जमिनीवर नकाशा. अंगण सारवून रांगोळी, राख, पानं, बिया, खडे, जे हाताशी असेल त्यानं पाडा मांडायला सांगा. बायकांचा आणि पुरुषांचा नकाशा वेगळा करा, ही अट मी कधीच सोडत नाही. पुरुष आधी रस्ता आणि देऊळ काढतात. बायका झिरा, सरपणाची वाट, दळणाची गिरणी आणि अवघडलेल्या बाईला झोळीत घालून जिथून उतरवतात ती पायवाट काढतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की कामांचा प्राधान्यक्रम अर्धा तिथेच ठरतो. भाषेचीही काळजी घ्या. पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या पाड्यावर प्रमाण मराठीत प्रश्न विचारले तर माना डोलतात आणि माहिती मिळत नाही. त्या पाड्यावरचीच शिकलेली मुलगी सोबत घ्या आणि तिला मानधन द्या.

साक्रीकडच्या एका वस्तीवर आम्ही छापील नकाशा पसरून बसलो होतो. एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “तुमना नकाशामा आमना पाडा शे का?” नव्हता. तिनं बोटानं जागा दाखवली, आम्ही पेन्सिलनं ठिपका दिला आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तो ठिपका छापला.

पाण्याचा हिशेब

इथे वेळ घ्या. खान्देशात ज्या आराखड्याचं पाणी चुकलं, त्याचं रोजगाराचं, शाळेचं, दवाखान्याचं सगळं चुकतं.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. शंभर हेक्टरांच्या लहानशा पाणलोटावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६० कोटी लिटर. आता हजार माणसांची पिण्या-वापरण्याची गरज काढा. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण २ कोटी लिटर. हा हिशेब बैठकीत खडूनं फळ्यावर मांडा. आभाळातून साठ येतं, लागतं दोन, तरी मेमध्ये बाई अडीच तास झिऱ्याशी बसते. मग बाकीचं जातं कुठे, हा प्रश्न माणसं स्वतःच विचारू लागतात. काही वाफ होऊन उडतं, काही झाडं-पिकं पितात, बरंच वाहून जातं, आणि खालच्या गावांत उपशाचे पंपही असतात. पावसाचा आकडा जिल्ह्याचा घेऊ नका, जवळच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा घ्या. नवापूरच्या बाजूला हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि शिंदखेड्याकडे त्याच्या जेमतेम निम्मा.

नंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहा. खान्देशात ढोबळमानानं दोन प्रकार. तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाचा जाड थर, आणि बाकी बहुतेक ठिकाणी बेसाल्ट म्हणजे काळा पत्थर. त्या पत्थरात धुळे-नंदुरबारकडे उभ्या भिंतींसारख्या दगडी पट्ट्या आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. शेतातून, टेकडीवरून सरळ रेषेत गेलेली काळ्या दगडांची रांग तुम्ही पाहिली असेल, तीच ही. ही भिंत जमिनीखालचं पाणी अडवते. म्हणून कधी कधी भिंतीच्या वरच्या अंगाची विहीर भरलेली असते आणि हाकेच्या अंतरावर खालच्या अंगाची कोरडी. पाहणीत प्रत्येक विहिरीची मे महिन्यातली पातळी दोरीनं मोजा आणि ती व तिची या रांगेपासूनची बाजू लिहून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या पाणलोटाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या अर्ज करून मागा.

शिरपूरचं उदाहरण बैठकीत कुणीतरी काढतंच. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्या तालुक्यात नाले खूप खोल-रुंद करून साखळीनं सिमेंट बंधारे घातले आणि कोरड्या विहिरींना पाणी आलं. काम मोठं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण ते गाळाच्या जमिनीचं गणित नीट ओळखून केलेलं होतं. वरचा पाणी न जिरू देणारा मातीचा थर फोडल्याशिवाय खाली पाणी जाणार नाही, हे तिथलं मर्म. तेच यंत्र डोंगरातल्या पत्थराच्या ओढ्यात घातलं तर ओढ्याची वाळू जाते, काठची झाडं जातात आणि झिरा आटतो. डोंगरात माथ्यापासून सुरुवात करायची: आधी समतल चर आणि दगडी बांध, मग गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेले दगडांचे बांध, मग खाली मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. ठेकेदाराला बंधारा आवडतो कारण तो एका जागी असतो. आराखड्यात क्रम लिहूनच द्या: माथ्यावरचं काम पूर्ण झाल्याचा पंचनामा होत नाही तोवर खालचं काम सुरू करायचं नाही.

वाटपाचा नियमही आत्ताच लिहायचा, पाणी आल्यावर नाही. याचा धडा आपल्याकडेच आहे. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांमध्ये वाटलेलं असे, एका फडात एकच पीक, आणि पाणी पाळीनं पाटकरी सोडे. दुष्काळात सगळ्यांनी मिळून कमी फड भिजवायचे, पण भिजवलेल्या फडात सगळ्यांचा वाटा. तीन-चारशे वर्षांची ही रीत आहे. तुमच्या आराखड्यात निदान चार ओळी हव्यात: पिण्याच्या स्रोतापासून किती अंतरात बोअर घ्यायचा नाही, पहिलं पाणी कुणाला, पाळी कोण ठरवणार, नियम मोडला तर काय.

जंगल आणि जमिनीचा कागद

पाड्यावर रस्ता, टाकी, अंगणवाडी मंजूर होते आणि ‘वनजमीन’ या एका शेऱ्यावर वर्षानुवर्षं अडते. म्हणून प्रत्येक प्रस्तावित कामाच्या जागेचा गट क्रमांक किंवा वनविभागाचा कंपार्टमेंट क्रमांक आधी शोधा.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली तरतूद अशी: वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन वापरता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरसंचाराच्या तारा, तलाव आणि लहान जलसाठे, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, जलसंधारणाची बांधकामं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य केंद्र, रस्ते, समाजमंदिर. अटी दोन: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. ग्रामसभेची शिफारस लागते, आणि मंजुरी विभागीय वन अधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. आराखड्यातल्या सगळ्या अशा कामांचे प्रस्ताव एकाच ग्रामसभेत घ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र नकाशा, जीपीएस बिंदू आणि झाडांची मोजणी जोडा.

दुसरं, सामूहिक वनहक्क. वैयक्तिक पट्ट्यांचे दावे बहुतेक ठिकाणी झालेत, पण कलम ३(१)(झ) खालचा सामूहिक वनसंसाधनाचा दावा, जो नमुना ‘क’मध्ये करतात, अनेक पाड्यांनी अजून केलेलाच नाही. केला असेल तर सीमा कुणी चालून पाहिलेली नाही. म्हाताऱ्या माणसांना पुढे घाला, पारंपरिक शीव चाला, देवस्थानं, पाणवठे, जुनी गावठाणं यांचे बिंदू नोंदवा, शेजारच्या गावाची लेखी संमती घ्या. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पुन्हा तेच, ही सभा स्थलांतराच्या आत घ्या. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या. एका समूहाची सगळी कागदं एका कार्यालयात गहाळ झाली तेव्हा आमच्याकडे फक्त पोचीच्या झेरॉक्स होत्या, आणि त्यांच्या जोरावरच दावे पुन्हा उभे राहिले.

हक्क मिळाला की व्यवस्थापनाचा आराखडा लागतो, आणि त्यासाठी बारीपाड्याला जाऊन या. साक्री तालुक्यातल्या या गावानं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकापासून चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, दंड, राखण, सगळं गावानं ठरवलेलं. त्या कामासाठी पवारांना २०२५ ची पद्मश्री जाहीर झाली. समितीच्या माणसांना त्यांच्याच खर्चानं नव्हे, आराखड्याच्या खर्चानं तिथे न्या, आणि बायांना रानभाज्यांच्या स्पर्धेच्या वेळी न्या. एका फेरीनं दहा प्रशिक्षणांचं काम होतं.

सेवा कुठे बसवायच्या

सरकारी निकष लोकसंख्येवर चालतात. आदिवासी-डोंगरी भागात ३,००० माणसांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत अनुसूचित भागात २५० लोकवस्तीपासून रस्ता. ज्या पाड्यावर दीडशे माणसं, तो कुठेच बसत नाही. पाच असे पाडे शेजारी असले तरी बसत नाहीत, कारण मोजताना ते वेगवेगळे मोजले जातात. समूह करण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे दिसतो.

नकाशावर प्रत्येक पाड्यापासून उपकेंद्र, माध्यमिक शाळा, रेशन, बँक किंवा बँकमित्र आणि मोबाईलची रेंज यांच्यापर्यंतची चालत जाण्याची वेळ लिहा. जुलैमधली वेळ, मार्चमधली नाही. मग सेवेनुसार तीन पायऱ्या पाडा. रोज लागणारं पाड्यावरच: पाणी, अंगणवाडी, चौथीपर्यंत शाळा, आशा कार्यकर्ती. आठवड्याला लागणारं अशा एका मधल्या पाड्यावर की जिथे बाकीच्यांना तासाभरात पोहोचता येईल: उपकेंद्र, रेशन, गिरणी, बँकमित्र. महिन्याला लागणारं बाजाराच्या गावी. मधला पाडा ठरवताना भांडणं होतात. होऊ द्या, पण निकष एकच ठेवा: सगळ्यात लांबच्या पाड्याची वेळ जिथून सगळ्यात कमी होते ती जागा. सरपंचाचा पाडा आपोआप मध्य ठरत नाही.

रस्त्यांच्या यादीत आधी फरशी पूल आणि मोऱ्या टाका. वर्षातले दहा महिने चालणारी कच्ची वाट दोन नाल्यांमुळे पावसाळ्यात तुटते, आणि बाळंतपणं पावसाळ्यातही होतात. डांबरीकरण मागून येऊ शकतं.

हाताला काम

रोजगाराच्या भागात नवनव्या उद्योगांची लांब यादी करण्याचा मोह आवरा. जे आहे त्यातलं नुकसान आधी थांबवा. धडगावच्या डोंगरातला आमचूर घ्या. कैरी सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात. जमिनीवर वाळवलेली फोड काळवंडते, माती लागते, भाव पडतो. उंच मचाण, स्वच्छ कापड किंवा साधं सौर वाळवणीयंत्र आणि पावसाच्या सरीत झाकायला छप्पर, एवढ्यानं फरक पडतो. मोह, चारोळी, सीताफळ यांचंही तसंच: साठवण आणि एकत्र विक्री. भौगोलिक मानांकनाचा उपयोग कसा होतो ते पाहायचं तर नवापूरची तूरडाळ आणि जळगावची केळी आणि भरीताची वांगी जवळच आहेत.

स्थलांतर पूर्ण थांबवू असं आराखड्यात लिहू नका, ते खरं होणार नाही. आधी ज्यांच्यासोबत शाळेतली लेकरं जातात अशी घरं निवडा आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची रोजगार हमीची कामं आधीच मंजूर करून ठेवा. चर खोदण्याचं काम याच महिन्यांत बसतं. काम सुरू होण्याची तारीख दिवाळीआधी जाहीर झाली पाहिजे. मुकादमाची उचल एकदा हातात पडली की मग उशीर झालेला असतो.

पैसा कुठून, सही कुणाची

प्रत्येक कामापुढे तीन रकाने: निधीचा स्रोत, जबाबदार कार्यालय, पाठपुरावा करणाऱ्या माणसाचं नाव. तिसरा रकाना रिकामा असलेलं काम यादीतून काढून टाका.

माथ्यावरची जलसंधारणाची कामं रोजगार हमीत, कारण तिथे मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० प्रमाण सांभाळावं लागतं आणि चर-बांधात मजुरी भरपूर असते. सिमेंटची कामं त्यात ढकलली तर प्रमाण बिघडतं. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेसाठी बांधलेली होती, बाकी ४० टक्के मोकळी. चालू वर्षाची विभागणी पंचायत समितीत विचारून घ्या. पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो मुख्य गावच्या सिमेंट रस्त्यावर संपतो, अशी तक्रार पाड्यांवर सगळीकडे ऐकू येते. म्हणून त्याची पाडानिहाय विभागणी ठरावातच लिहा. वस्तीतल्या सोयींसाठी ठक्कर बाप्पा योजना, आदिवासी गावांसाठी २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं धरती आबा अभियान. यांचे प्रस्ताव आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे. खान्देशात अशी कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. तुमचा समूह दोन प्रकल्पांत विभागला असेल तर दोन्हीकडे एकच आराखडा द्या आणि पहिल्या पानावर तसं लिहा.

एका पंचायतीच्या आवाक्याबाहेरची, समूहाची सामाईक कामं जिल्हा वार्षिक योजनेत जायला हवीत. तिचा आराखडा पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. तिथे जाड फाईल कुणी वाचत नाही. चार पानं द्या: समूहाचा नकाशा, पाडानिहाय तक्ता, पाच सामाईक कामं, ग्रामसभांचे ठराव. समितीवर तुमच्या भागातून निवडून गेलेला जिल्हा परिषद सदस्य कोण ते शोधा आणि ऑक्टोबरातच त्याला एकदा पाड्यावर चालवत न्या. गाडीनं नाही.

मंजुरीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश हे तीन कागद मिळेपर्यंत काम झालं असं समजू नका. ३१ मार्चला निधी परत जाण्याची भीती घालून जानेवारीत भलतीच जागा सुचवली जाते, तेव्हा ठरावातला जीपीएस बिंदू दाखवा. प्रत्येक पाड्याच्या शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर कामाचं नाव, रक्कम, कार्यालय आणि तारीख रंगवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढा: पूल, टाकी, चर. झालेल्या कामाच्या चित्रावर बायकांनी कुंकवाचं बोट लावायचं, अशी पद्धत एका पाड्यानं स्वतःच काढली.

आराखड्याच्या प्रती प्रत्येक पाड्यावर एका घरात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, सरपंचाच्या घरात नको. पुढच्या मेमध्ये तोच नकाशा आणि तीच दोरी घेऊन त्याच झिऱ्यांवर, त्याच विहिरींवर जा, पातळी मोजा, एका खेपेला किती वेळ लागतो ते त्याच बाईला विचारा आणि तो आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहा.